चुन्याची डबी

आमच्या जालन्याच्या घरात येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली एक लहानसे फडताळ आहे. जपमाळा, बाप्तिस्म्याचे दाखले, नाताळातून उरलेल्या मेणबत्त्या आणि आजीची पितळी चुन्याची डबी एवढ्याच वस्तू त्यात असतात. डबीच्या झाकणाची बिजागरी सैल झाली आहे. आत कोपऱ्यात दगडासारखा घट्ट झालेला चुन्याचा थर अजून आहे. आजी गेली १९७९ साली. तिची आठवण म्हणून ही डबी आम्ही जपली, एवढेच मला ठाऊक होते. त्या डबीचा आणि मक्याचा काही संबंध असेल असे कधी मनात आले नव्हते. तो संबंध कळला तीन वर्षांपूर्वी, आणि कळल्यावर पुष्कळ दिवस माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती. म्हणून हे लिहीत आहे.

आमचे मूळ गाव भोकरदन तालुक्यातले. हा तालुका त्या वेळी औरंगाबाद जिल्ह्यात होता. जालना जिल्हा निर्माण झाला तो १ मे १९८१ रोजी. तीन एकर कोरडवाहू जमीन आणि खाणारी सहा तोंडे, असा आमचा संसार. जेवण म्हणजे ज्वारीची भाकर आणि कोरड्यास म्हणून जे असेल ते. बहुधा तुरीचे वरण, नाही तर मिरचीचा ठेचा. पोळी सणाची आणि भाकर रोजची, हा हिशेब आईने कधी मोडला नाही. मका आम्हाला परका नव्हता, पण तो पोटभरीचे अन्न म्हणून ठाऊक नव्हता. पाटाच्या कडेला चार ओळी लावायच्या आणि पावसाळ्यात निखाऱ्यावर कणसे भाजून, मीठ-मिरची चोळून खायची, एवढीच त्याची ओळख. सातपुड्यातील भिल्ल बांधव, मेवाडचे आणि पंजाबचे लोक मक्याची भाकरी करून खातात, हे मी पुढे शाळेत शिकवू लागलो तेव्हा कळले.

मग १९७२ साल आले. मराठवाड्यात ज्यांनी ते पाहिले त्यांना त्याचे वर्णन सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांना सांगून ते समजणार नाही. विहिरींचे तळ दिसू लागले. जनावरे कवडीमोलाने गेली. आई आणि बाबा दुष्काळी कामावर जात. बाबा खडी फोडीत आणि आई नालाबांधाची माती वाहत असे. गावात रेशनच्या दुकानी परदेशातून आलेली तांबडी ज्वारी मिळे. तिला सगळे 'मिलो' म्हणत. मनमाडला मोठ्या रेल्वेतून उतरवून मीटर गेजच्या डब्यांत भरलेले धान्य जालन्याच्या स्थानकावर येई आणि तिथून ट्रकने खेड्यांकडे जाई. आमच्यासाठी याखेरीज आणखी एक वाट होती, ती मिशनच्या आवाराची. तिथे कधी दुधाची भुकटी, कधी गव्हाचा भरडा आणि कधी अख्खा पिवळा मका वाटला जाई. पोत्यांवर एकमेकांत गुंफलेल्या दोन हातांचे चित्र असे. रिकाम्या पोत्यांच्या पिशव्या आणि लहान मुलांच्या चड्ड्या शिवल्या जात. माझ्या पाठीवरच्या दप्तरावर ते दोन हात दीड वर्ष होते.

मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. शाळेतील मुले आम्हाला 'मक्याचे' म्हणू लागली. भूक सगळ्यांनाच लागली होती आणि मिलो सगळ्यांच्याच घरी शिजत होती. पण पिवळ्या भाकरीचा रंग लांबून ओळखू येई. कोणी विचारी, 'तुमच्या घरी प्रार्थना केली की मका पडतो काय रे?' आज त्या मुलांचा राग येत नाही. त्यांच्या घरातही चूल रोज पेटत नव्हती, आणि उपाशी माणसाला दुसऱ्याच्या ताटातले आधी दिसते. पण त्या वेळी मला अतिशय लाज वाटली. मी मक्याची भाकर खाणार नाही, असे ठरवून टाकले.

ती भाकर खायला खरोखरच अवघड होती. मका ज्वारीपेक्षा कठीण. आई पहाटे चारला उठून जात्यावर दळी, तरी पीठ रवाळ राही. ज्वारीच्या पिठाला गरम पाण्याची उकळी दिली की त्याला थोडी चिकटी येते आणि भाकर थापता येते. मक्याचे पीठ त्यालाही दाद देत नसे. कडा चिरत, उलटताना भाकर मोडे आणि निवली की पत्र्यासारखी होई. आई कामावर गेली की आम्हा भावंडांना जेवू घालण्याचे काम आजीचे. पहिल्या दिवशी मी ताट सरकवले तेव्हा ती रागावली नाही. माझ्या ताटातली भाकर तिने उचलली, आपल्या वाटीतले वरण माझ्या वाटीत ओतले, कनवटीला बांधलेले मूठभर शेंगदाणे माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, 'आण ती इकडं. तू वरण खाय. मला ही चालती.'

मग तो रोजचा परिपाठ झाला. आई सकाळी कामावर जाण्यापूर्वी सर्वांचे वाटे काढून ठेवी. ती गेल्यावर माझी मक्याची भाकर आजीच्या ताटात जाई आणि आजीच्या वाट्याचे वरण, शेंगदाणे, कधीमधी मिळणारे दूध माझ्याकडे येई. असे किती महिने चालले? मी मोजले नाहीत. पावसाळा कोरडा गेल्यानंतर सुरू झाले आणि दुसऱ्या वर्षीच्या मृगापर्यंत चालले असावे.

त्या उन्हाळ्यात आजीच्या हातांवर काळपट डाग उमटले. आधी वाटले, उन्हाने झाले. मग ते खरखरीत झाले, कातडी सुटू लागली आणि गळ्याभोवती माळ घालावी तसा एक काळा पट्टा दिसू लागला. तिला जुलाब लागले. ती बोलता बोलता विसरू लागली. आमच्या वस्तीत कुजबुज सुरू झाली की म्हातारीला महारोग झाला. परक्यांनी नव्हे, आमच्याच वस्तीतल्या, रविवारी आमच्याच शेजारी बसून मिस्सा ऐकणाऱ्या बायकांनी तिला आडावर घागर टेकवू दिली नाही. तिचा तांब्या वेगळा झाला. ती प्रार्थनेला आली की दोन्ही बाजूंची जागा रिकामी राही. आजीने कोणाला काही विचारले नाही. पदर गळ्याभोवती घट्ट लपेटून ती भिंतीशी बसू लागली.

शेवटी बाबांनी तिला बैलगाडीत घालून धर्मभगिनींच्या दवाखान्यात नेले. तिथल्या वयस्क सिस्टरने हात पाहिले, गळा पाहिला, जीभ पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, 'ही जेवते काय?' मक्याची भाकर, असे बाबा म्हणाले. त्याबरोबर काय, असे विचारल्यावर बाबांनी तुरीचे वरण सांगितले, कारण त्यांना तसेच वाटत होते. सिस्टरने 'पेलाग्रा' असा काही शब्द उच्चारला, हा महारोग नाही, हा लागत नाही, असे दोनदा बजावले आणि गोळ्या दिल्या. डाळ आणि शेंगदाणे भरपूर द्या, असेही सांगितले. महिनाभरात कातडी सुधारली. पाऊसही आला. आजी त्यानंतर सहा वर्षे जगली, पण गळ्याभोवतीचा पदर तिने पुन्हा कधी सैल केला नाही. आणि तिच्या वाटीतले वरण कुठे जात होते, हे तिने बाबांना सांगितले नाही. मीही सांगितले नाही.

वर्षे गेली. मी शिक्षक झालो, जालन्यात घर केले, निवृत्तही झालो. या काळात मक्याने आमच्या भागात मोठेच बस्तान बसवले. जालन्याला बियाण्यांचे शहर म्हणतात. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे बियाण्यांची कंपनी काढली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, ही गोष्ट प्रत्येक जालनेकराला अभिमानाने ठाऊक असते. देशातले पहिले संकरित मक्याचे वाण १९६१ मध्येच बाहेर आले होते. त्यांतल्या एकाचे नावच 'डेक्कन' होते. पाहता पाहता भोकरदन आणि जाफराबाद तालुक्यांत ज्वारीच्या जागी मका उभा राहू लागला. दिवाळीनंतर मोंढ्यात पिवळ्या दाण्यांचे ढीग लागतात. पण तो मका आमच्या चुलीकडे येत नाही. तो कोंबड्यांच्या खाद्याला जातो, स्टार्चच्या कारखान्यांना जातो, अलीकडे इथेनॉलसाठीही जातो. मका पिकवणारा शेतकरी रेशनचा गहू आणून खातो. मी तर त्या ढिगांकडे पाहण्याचेही टाळीत असे.

माझी धाकटी बहीण धर्मभगिनी आहे. तिने मेक्सिकोच्या दक्षिणेकडील ओहाका राज्यात एका डोंगराळ धर्मग्रामात काही वर्षे सेवा केली. पहिल्याच पत्रात तिने लिहिले होते, 'दादा, इथे मला घरच्यासारखे वाटते, कारण इथल्या बायका सकाळी भाकरी थापतात. फक्त ती मक्याची असते.' मी त्या पत्राला उत्तर दिले, पण भाकरीचा विषय काढला नाही. तिने मात्र पुढच्या पत्रांतून तो सोडला नाही. त्या पत्रांतून आणि नंतर माझ्या वाचनातून मला जे समजले ते थोडक्यात सांगतो.

मक्याचे माहेर मेक्सिको. तिथल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात तेओसिंते नावाचे एक रानगवत उगवते. त्याच्या बोटाएवढ्या कणसात पाच ते बारा दाणे असतात आणि प्रत्येक दाण्यावर दगडासारखे कवच असते. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांनी या गवतातून निवड करीत करीत मका घडवला. माझी बहीण राहत होती त्या ओहाकामध्येच गिला नाकित्झ नावाच्या गुहेत सहा हजार वर्षांपूर्वीची मक्याची कणसे सापडली आहेत. मक्याचे कणीस आपल्या पानांत इतके गुंडाळलेले असते की माणसाने सोलून पेरल्याशिवाय ते आपले आपण नीट रुजू शकत नाही. माणसाने मका घडवला आणि तेव्हापासून मका माणसाच्या आधाराने आणि माणूस मक्याच्या आधाराने जगत आला.

तिथली भाकरी म्हणजे तोर्तिया. हे नाव स्पॅनिश लोकांनी दिले. नावात्ल भाषेत तिला 'त्लाश्काल्ली' म्हणतात. दळण्यासाठी तीन पायांचा उतरता दगड आणि वर लाटण्यासारखा दुसरा दगड, म्हणजे आपला पाटा-वरवंटाच. भाजण्यासाठी मातीचा सपाट तवा. बायका पहाटे उठून तासन्‌तास दळीत, हेही आपल्यासारखेच. पण दळण्याआधी त्या एक गोष्ट करतात, जी आपण करीत नाही. त्या मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवतात आणि रात्रभर त्याच पाण्यात ठेवतात. सकाळी दाणे चोळून दोन-तीन पाण्यांनी धुतले की साले सुटतात. मग ते ओलेच वाटतात. ही रीत तिथे निदान तीन हजार वर्षांची आहे. जिथे चुना नसेल तिथे लाकडाची राख वापरली जाई.

चुन्याने काय होते? दाणा मऊ होतो आणि वाटलेल्या पिठाला चिकटी येते, त्यामुळे भाकरी मोडत नाही. अंगाला चुन्यातले कॅल्शियम मिळते. पण तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. मक्यात नायसिन नावाचे जीवनसत्त्व असते, पण ते अशा रीतीने बांधलेले असते की आपल्या आतड्यांना ते सोडवून घेता येत नाही. चुना ती गाठ सोडवतो. शिवाय तिथले शेतकरी मक्याच्या जोडीला घेवडा आणि भोपळा लावीत आणि मक्याबरोबर घेवडा खात. त्यामुळे मक्यातील प्रथिनांची उणीव भरून निघे. आपण भाकरीबरोबर वरण खातो त्यामागचे शहाणपण तेच आहे.

कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोहोचला आणि मका युरोपात आला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून तो आपल्याकडे उतरला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. दाणा आला, पण चुना आला नाही. युरोपियनांनी गव्हासारखाच मका पाणचक्कीत आणि पवनचक्कीत दळला. तिथल्या बायका रोज पहाटे जे करीत होत्या, ते त्यांना अडाण्यांचे रिवाज वाटले असतील, किंवा त्यांनी विचारलेच नसेल. आमच्या भागाचीही तीच कथा. २०१८ साली अमेरिका खंडातली लष्करी अळीसुद्धा भारतात येऊन पोहोचली आणि पुढच्या हंगामांत तिने आमच्याकडचा मका पोखरला. दाणा आला, कीडही आली. त्या बायकांचे ज्ञान मात्र पाचशे वर्षांत इथे आले नाही.

त्याची किंमत गरिबांनी मोजली. स्पेनमधील गास्पार कासाल या वैद्याने १७३५ मध्ये मका खाऊन राहणाऱ्या दरिद्री शेतकऱ्यांत एक रोग पाहिला. हातांवर डाग, जुलाब, भ्रम आणि गळ्याभोवती काळी माळ. त्या माळेला आजही वैद्यकात 'कासालची माळ' म्हणतात. इटलीत फ्रापोली याने १७७१ मध्ये या रोगाला 'पेलाग्रा', म्हणजे खरखरीत कातडी, हे नाव दिले. विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत अमेरिकेच्या दक्षिण भागात सुमारे तीस लाख लोकांना तो झाला आणि त्यांतले एक लाख दगावले, असा अंदाज आहे.

तिथेही लोक या रोगाला संसर्गजन्य समजून रोग्यांना दूर ठेवीत. जोसेफ गोल्डबर्गर या सरकारी डॉक्टरने १९१४ पासून त्याचा शोध घेतला. रोग जेवणातील उणिवेमुळे होतो, स्पर्शाने नव्हे, हे पटवण्यासाठी १९१६ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रोग्यांचे रक्त स्वतःला टोचून घेतले, इतरही किळसवाण्या गोष्टी पोटात घेतल्या. त्याची पत्नी मेरी हिनेही ते रक्त टोचून घेतले. कोणालाही रोग झाला नाही. हे वाचताना मला आमचा आड दिसत होता आणि आजीचा वेगळा केलेला तांब्या दिसत होता. ती गोष्ट सिद्ध होऊन तेव्हा छप्पन्न-सत्तावन्न वर्षे झाली होती. पुढे १९३७ मध्ये एल्व्हेजेम याने नायसिनचा गुण दाखवून दिला आणि औषध हाती आले.

आपल्या दख्खनवरही हा रोग होता, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. हैदराबादेतील शास्त्रज्ञ सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये दाखवून दिले की, मका न खाणाऱ्या, केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांतही पेलाग्रा आढळतो. ज्वारीतील ल्युसीन या द्रव्याकडे त्यांनी बोट दाखवले. त्या मतावर पुढे बराच वाद झाला. पण मूळ निरीक्षण खरे होते. नुसत्या भाकरीवर माणसाचे पोट भरते, शरीर भरत नाही. ज्याच्या ताटातून वरण जाते त्याच्या गळ्याभोवती ती माळ पडते.

हे वाक्य मी लिहिले तेव्हा हात थांबला. आजीच्या ताटातून वरण गेले कुठे, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होते. त्यांतले एक १९७९ मध्ये गेले.

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात बहीण सुटीवर आली. आई तेव्हा ब्याऐंशी वर्षांची होती. दृष्टी मंद झालेली, पण हात अजून स्थिर. बहिणीने ठरवले की आईला तोर्तिया करून दाखवायची. तिने मला मोंढ्यातून मका आणायला पाठवले. आईने आतून हाक मारून सांगितले, 'खाण्याचा आण रे, रंग लावलेला बियाण्याचा आणशील.' बियाण्याच्या दाण्यांना औषध चोळलेले असते. जालन्यात ही सावधगिरी घ्यावीच लागते.

एक किलो मका, तीन लिटर पाणी आणि दहा ग्रॅम खाण्याचा चुना. सुमारे पाऊण तास शिजवून रात्रभर झाकून ठेवले. सकाळी झाकण काढले तेव्हा दाणे गडद पिवळे झाले होते आणि घरभर एक ओलसर, मातीसारखा वास पसरला होता. बहिणीने दाणे चोळून धुतले. साले पाण्यावर तरंगली. आईने पाटा-वरवंटा काढायला लावला आणि आम्ही दोघे भावंडे आळीपाळीने वाटू लागलो. पीठ मऊ झाले, लोण्यासारखे नव्हे, पण हाताला धरून राहील असे. आईने त्याचा गोळा हातात घेतला, दोन्ही तळव्यांत फिरवला, दाबून पाहिला आणि म्हणाली, 'हिला तर उकळीही लागत नाही. चिरत पण नाही.'

मग बहिणीने विचारावे आणि आईने सांगावे असे सुरू झाले: बहात्तरला मक्याची भाकर कशी मोडायची, पहाटे जाते कसे ओढवत नसे, हे सगळे. बहीण तेव्हा चार वर्षांची होती, तिला काही आठवत नव्हते. ती तिकडे जे शिकली ते आईला समजावून सांगू लागली. चुन्याने काय होते, चुना नसला तर कोणता रोग होतो, कुठे डाग पडतात. सांगता सांगता तिच्या लक्षात आले की आई थांबली आहे. आईने विचारले, 'गळ्याला काळी माळ?'

घरात कोणी बोलेना. मग मी बोललो. एकोणपन्नास वर्षे पोटात ठेवलेली गोष्ट मी पाट्यासमोर बसून सांगितली. शाळेतले टोमणे, सरकवलेले ताट, आजीचा हात, तिच्या वाटीतले वरण, शेंगदाणे. कबुलीजबाबाला मी लहानपणापासून जात आलो आहे. पण ही गोष्ट धर्मगुरूंपुढे कधी मांडली नव्हती, कारण हे पाप आहे असे मला माहीतच नव्हते. नऊ वर्षांच्या मुलाने भाकर नाकारली, एवढेच ते होते. त्याचा हिशेब दुसऱ्याच्या शरीरावर लिहिला जात होता, हे मला पत्रे आणि पुस्तके वाचून साठीच्या उंबरठ्यावर कळले.

आईने सारे ऐकून घेतले. तिला आश्चर्य वाटलेले दिसले नाही. 'मला ठाऊक होतं,' ती म्हणाली. 'आत्याबाईंनीच सांगितलं होतं, गेल्या त्या वर्षी. म्हणाल्या, पोराला लाज वाटत होती. लाजेनं उपाशी राहिला असता. तू त्याला कधी बोलू नको.' मग तिने पदराने डोळे पुसले आणि बहिणीकडे वळून, जणू मी तिथे नाहीच अशा रीतीने म्हणाली, 'पण चुना तर आत्याबाईंच्या कमरेलाच होता की गं.'

आजी पान खाई. तिच्या कमरेच्या चंचीत ही पितळी डबी रात्रंदिवस असे. दळायला बसलेल्या आईच्या शेजारी बसून ती पानाला चुना लावी. दोन हातांच्या अंतरावर जाते, मका आणि चुना होता. पाचशे वर्षांत दाण्याबरोबर कोणी चार वाक्ये पाठवली असती, पोत्यावरच्या त्या दोन हातांबरोबर कोणी एक कागद घातला असता, तर कदाचित तिचा तांब्या वेगळा झाला नसता. मदत करणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्या मक्याने आम्हाला जगवले, हे सत्य आहे आणि ते मी कधी विसरणार नाही. पण अन्न देताना ते कोणी घडवले आणि कसे खातात हेही द्यावे लागते, आणि घेणाऱ्यानेही लाज बाजूला ठेवून ते विचारावे लागते. आम्ही दोघेही चुकलो.

बहिणीने त्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली. सोळाव्या शतकात मेक्सिकोत गेलेल्या फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी प्रभूची प्रार्थना नावात्ल भाषेत आणली, तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न होता की जिथे गव्हाची भाकर कोणी पाहिली नाही तिथे रोजच्या भाकरीसाठी कोणता शब्द घालावा. त्यांनी 'तोत्लाश्काल' हा शब्द घातला, म्हणजे आमची तोर्तिया. वेदीवरची भाकर गव्हाचीच असावी, हा ख्रिस्तसभेचा नियम तिथेही आहे आणि इथेही आहे. पण रोज मागायची ती भाकर त्या लोकांनी मक्याची मागितली आणि आपल्या मराठी प्रार्थनेतही पोळीचा नव्हे, भाकरीचा शब्द आला. मी शब्दांचा शिक्षक. मला त्या शब्दांतली 'आमची' ही खूण अधिक महत्त्वाची वाटते. प्रार्थनेत कोणी 'माझी' म्हणत नाही. नऊ वर्षांचा असताना रोज संध्याकाळी मी ती प्रार्थना मोठ्याने म्हणत होतो आणि दुपारी माझी व आजीची भाकर वेगळी करीत होतो. आजी मात्र शब्दशः प्रार्थनेप्रमाणे वागत होती.

आईने तव्यावर पहिली भाकर टाकली. बहिणीसारखी हातावर नव्हे, परातीत, आपल्या पद्धतीने थापून. ती थोडी जाड झाली होती. पण मोडली नाही. उलटल्यावर मधोमध फुगली तेव्हा आईच्या चेहऱ्यावर हसू आले. तिने ती काढली, त्यावर ठेचा ठेवला, शेजारी वरणाची वाटी ठेवली आणि ताट माझ्यापुढे सरकवले.

मी फडताळातून डबी आणून पाट्याशेजारी ठेवली. मग जेवायला बसलो आणि सबंध भाकर खाल्ली.